आपला विमानतळ नागपुरात

पांढुर्ण्यात किंवा सौंसरमध्ये कुणी ‘एअरपोर्टला चाललो’ म्हटले, तर कोणत्या एअरपोर्टला हे विचारावे लागत नाही. आपली राजधानी भोपाळ अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. नागपूर पांढुर्ण्याहून शंभर किलोमीटरच्या आत आणि सौंसरहून सत्तरच्या आत. बंगळुरूचा मुलगा दिवाळीला येतो तो नागपूरला उतरून, आणि आखाती देशात नोकरीला असलेला भाचाही तिथूनच ये-जा करतो. घरात वाईट बातमी असली की ‘विमान किती वाजता उतरते’ हा पहिला प्रश्न असतो, कारण बाकी सगळे त्यावर ठरते.

मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी या विषयावर दोन प्रश्न हमखास निघतात. नागपूर देशाच्या बरोबर मध्यभागी असूनही तिथला विमानतळ मुंबई-दिल्लीसारखा मोठा का झाला नाही? आणि आपली संत्री विमानाने दुबईला का जात नाहीत? उत्तरे देताना आपण बहुतेक राजकारणाकडे बोट दाखवतो. त्यात तथ्य नाही असे नाही, पण हिशेब मांडून पाहिला तर चित्र जरा वेगळे दिसते. तोच हिशेब इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास. सोनेगावची धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ती पुन्हा वापरात आणली आणि युद्ध संपल्यावर ती नागरी वाहतुकीकडे आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव २००५ मध्ये मिळाले. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या शहराला ते शोभणारेच आहे. सध्याची टर्मिनलची इमारत १४ एप्रिल २००८ ला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशीच सुरू झाली. आपल्याकडची जुनी मंडळी मात्र अजून सोनेगावच म्हणतात.

या विमानतळाचा खरा वैभवाचा काळ मात्र टर्मिनलच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि तो प्रवाशांनी नव्हे तर टपालाने आणला. जानेवारी १९४९ मध्ये केंद्रीय दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. संध्याकाळनंतर दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला वाटपाला तयार असे. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण आले, त्यामुळे हा लाभ साध्या पत्रालाही मिळाला. या विमानांतून प्रवासीही जात. मध्यरात्री नागपूरला उतरायचे, चहा घ्यायचा आणि दुसऱ्या विमानात बसायचे.

यामागचे गणित सुंदर आहे. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, आणि दोन्ही बाजूंनी एका रात्रीत टपाल पोहोचवायचे तर बारा उड्डाणे. मध्ये एक ठिकाण धरले की चार विमानांत काम भागते. पण ते ठिकाण सर्वांना साधारण सारख्या अंतरावर हवे. नागपूरपासून ही चारही शहरे हवाई मार्गाने सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात, आणि त्या काळच्या डकोटा विमानाला तेवढे अंतर कापायला तीन-साडेतीन तास पुरत. रात्री जाऊन पहाटे परत, हे त्यामुळेच जमले. योजना तोट्याची आणि धोक्याची आहे असे म्हणणारेही होते, जे. आर. डी. टाटांचा तिला विरोध होता. धोक्याची बाब खोटी नव्हती. डिसेंबर १९५३ मध्ये मद्रासला निघालेले डकोटा नागपूरहून उडताच कोसळले आणि तेरा जण गेले. तरीही सेवा बंद पडली नाही.

हे तपशिलाने सांगतो, कारण तेव्हा हा विमानतळ आपल्याच राजधानीचा होता. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत पांढुर्णा, सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण इकडे राहिलो. राजधानी बदलली, तरी टपाल नागपूरमार्गेच राहिले. पांढुर्ण्याच्या थैल्या मोठ्या लाइनवरून आणि सौंसरच्या छोट्या गाडीने. बँकेत नोकरी केलेल्याला या वेगाची किंमत वेगळी सांगायला नको. बाहेरगावच्या शाखेवरचा चेक वसुलीला पाठवला की तो वाटेत असेपर्यंत व्यापाऱ्याचा पैसा अडकलेला असतो आणि कॅश क्रेडिटवर व्याज मात्र चालूच असते. चेक चार दिवस आधी पोहोचला तर चार दिवसांचे व्याज वाचते. संत्र्याच्या हंगामात कलकत्त्याकडून पैसे येण्याची वाट पाहणाऱ्या आडत्याला हे आकडेमोडीशिवाय कळत होते.

१९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. तोपर्यंत जेट विमाने आली होती. मुंबई ते कलकत्ता दोन-अडीच तासांत थेट जाता येऊ लागले, मग मध्ये थांबायचे कशाला? शहराशहरांत दिवसभर प्रवासी विमाने वाढली आणि टपालाच्या थैल्या त्यांच्याच पोटात जाऊ लागल्या. नागपूर जिथे होते तिथेच होते, पण मध्यभागी असण्याची गरज संपली.

योगायोग पाहा. त्याच १९७३ सालच्या १७ एप्रिलला अमेरिकेत मेम्फिस नावाच्या, आकाराने मध्यम अशा शहरातून फेडेक्स कंपनीची रात्रीची सेवा सुरू झाली. चौदा लहान जेट विमाने, पंचवीस शहरे आणि पहिल्या रात्रीची १८६ पाकिटे. पद्धत अगदी सोनेगावचीच: सगळीकडून माल रात्री एका ठिकाणी आणायचा, छाननी करायची आणि पहाटे परत पाठवायचा. पुढे मेम्फिस कित्येक वर्षे जगात सर्वांत जास्त माल हाताळणारा विमानतळ ठरला. जेटच्या जमान्यातही मध्यभाग तिथे का चालला? माझ्या मते कारण एवढेच की त्या कंपनीने चार नव्हे, पंचवीस आणि पुढे शेकडो शहरे जोडली. चार शहरांना सहा थेट मार्ग पुरतात. पंचवीस शहरांना तीनशे लागतील. शहरे वाढली की मध्यभागाची किंमत वाढते. शिवाय विमाने, छाननीचे केंद्र आणि घरपोच वाटप हे सगळे एकाच कंपनीच्या हातात होते, आणि ‘उद्या सकाळी हवेच’ म्हणणारा ग्राहक त्यासाठी चांगले पैसे मोजत होता. आपल्याकडे पत्र पोस्टाचे, विमान दुसऱ्याचे आणि दर सरकारने ठरवलेला. सेवा उत्तम होती, पण तिच्या जिवावर धंदा उभा राहण्याची सोय नव्हती.

नकाशावरचा तो मध्यबिंदू लोकांच्या डोक्यातून मात्र गेला नाही. २००२ मध्ये महाराष्ट्र सरकारने विमानतळ विकास कंपनी काढली आणि ‘मिहान’ची योजना आणली. विमानतळालगत मोठे मालवाहतूक केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र, दुसरी धावपट्टी. त्यातले बरेच उभे राहिले. आयटी कंपन्या आल्या. बोइंगने बांधलेले विमान-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियाला मिळाले. आपल्याकडचे रुग्ण ज्या एम्समध्ये जातात, तेही मिहानमध्येच आहे. पण ज्यासाठी योजना होती, ते विमानाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे मोठे केंद्र काही झाले नाही, आणि धावपट्टी आजही एकच आहे, ३२०० मीटरची. दुसरीसाठी शिवणगावच्या लोकांची घरे-शेते गेली, मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षे चालले. त्या लोकांचा त्याग आपण ‘विकास रखडला’ म्हणताना विसरतो.

आता विमानतळ पैसे कशातून मिळवतो ते पाहू, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. उत्पन्नाच्या दोन बाजू असतात. एक, विमानाशी संबंधित: उतरण्याचे शुल्क, उभे राहण्याचे शुल्क आणि तिकिटातच धरलेले प्रवाशाचे शुल्क. याचे दर सरकारी नियामक मंजूर करतो. दुसरी बाजू दुकाने, पार्किंग, जाहिराती आणि जमिनीचे भाडे यांची. दोन्ही बाजूंना आधार एकच, चढणारा-उतरणारा माणूस. वरून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारे मार्गदर्शनाचे शुल्क विमानतळाच्या टर्मिनलला पोसत नाही. म्हणजे आपल्या डोक्यावरून दिल्ली-चेन्नई-हैदराबादची कितीही विमाने गेली, तरी नागपूरच्या खात्यात त्याने भर पडत नाही. नागपूरहून वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करतात. मुंबईचा आकडा पाच कोटींच्या वर आहे. विमान कंपनी हा आकडा बघते, झिरो माइलचा खांब बघत नाही.

परदेशी विमानांची आणखी एक अडचण आहे. परदेशी कंपनीला भारतात कुठेही उतरता येत नाही. दोन देशांच्या करारात ज्या शहरांची नावे आणि जितक्या जागा ठरल्या असतील तिथेच आणि तेवढ्याच. नागपूरहून अनेक वर्षे शारजा आणि दोहा हीच दोन नावे ऐकू येत आली, त्याचे हेही एक कारण. हजयात्रेची विमाने नागपूरहून सुटतात, ती वेगळी व्यवस्था.

मग खासगी कंपनीकडे विमानतळ देण्याचा विषय आला. हे प्रकरण मी जरा लक्ष देऊन वाचले, कारण ते बँकेतल्या मंजुरीपत्रासारखे आहे. २००९ पासून विमानतळ ‘मिहान इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे आहे. तिच्यात महाराष्ट्राच्या कंपनीचे ५१ टक्के आणि केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाचे ४९ टक्के. निविदेत जीएमआर कंपनी पुढे आली. तिने उत्पन्नातला ५.७६ टक्के हिस्सा देऊ केला होता. वाटाघाटीनंतर तो १४.४९ टक्क्यांवर नेला. मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचे पत्र निघाले. वर्षभराने, मार्च २०२० मध्ये, सगळी प्रक्रियाच रद्द झाली. कंपनी न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरही याचिका चालत राहिल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची निकाली निघाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करारावर सह्या आणि सुमारे सात हजार कोटींच्या विस्ताराचे भूमिपूजन पाठोपाठ झाले.

कोण बरोबर, हे न्यायालयाने सांगितले आहे. मला त्यातली गेलेली साडेपाच वर्षे दिसतात. एखाद्याला कर्ज मंजुरीचे पत्र द्यायचे आणि वर्षाने ‘दर पुन्हा बघू’ म्हणायचे, असे शाखेत केले असते तर काय झाले असते, हे माझ्या सहकाऱ्यांना सांगायला नको. १४.४९ टक्के कमी वाटले म्हणून थांबलो, आणि तेवढ्या काळात वाढीचे काम झालेच नाही.

आता संत्र्यांकडे वळतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या बगीच्यांतला माल त्याच जातीचा आहे. निवडणुकीच्या सभांमध्ये ‘तुमची संत्री विमानाने परदेशात जातील’ हे वाक्य आपण बरेचदा ऐकले. माझे मत स्पष्ट सांगतो: जाणार नाहीत, आणि न गेल्याने आपले नुकसानही नाही. विमानाने तोच माल परवडतो, ज्याची किंमत किलोमागे भरपूर आहे किंवा जो दोन दिवसांत खराब होतो. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, फुले असा तो माल. संत्रे जड आणि किलोमागे स्वस्त. जाड सालीचे नसले तरी नीट तोडून भरले तर ट्रकचा प्रवास सोसते. नागपूरला येणाऱ्या नेहमीच्या प्रवासी विमानाच्या पोटात सामानाखेरीज दोन-चार टन जागा उरते. आपला एक ट्रक पंधरा टन नेतो. विमानाचे भाडे लावले तर ते संत्र्याच्या भावापेक्षा जास्त होईल.

आपल्या संत्र्याचे परदेशातले मोठे गिऱ्हाईक बांगलादेश होते, आणि तिकडे माल रस्त्यानेच जायचा. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेले आणि भाव पडले. त्या दुखण्यावर धावपट्टी हे औषध नाही. उपाय दोनच दिसतात: दोन सरकारांनी बसून शुल्काचा प्रश्न सोडवणे, किंवा माल इथेच प्रक्रियेला लावणे. मार्च २०२५ मध्ये मिहानमध्ये पतंजलीचा अन्नप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, तिथे संत्र्याचा रस काढतात. लहान, डागी फळ, जे बाजारात कुणी विचारत नाही, त्याला असे गिऱ्हाईक मिळाले तर आंबिया बहाराचा तोटा थोडा भरून निघेल. म्हणजे संत्री विमानतळाच्या शेजारपर्यंत जातील, विमानात चढणार नाहीत.

मग आपल्याला या विमानतळाचा उपयोग काय? माणसांचा. आणि वेळप्रसंगाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बांगलादेशच्या विमानाच्या वैमानिकाला हवेतच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवले. तो वैमानिक पुढे नागपूरच्या इस्पितळात वारला, पण सव्वाशे प्रवासी वाचले. मध्यभागी असण्याचा आजचा खरा फायदा हा असा आहे, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आपली खरी अडचण मात्र वेगळी आहे. विमानतळाचे निर्णय महाराष्ट्र सरकारची कंपनी आणि केंद्र मिळून घेतात. आपला आमदार भोपाळला बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पण जिल्हा मध्य प्रदेशाचा आणि विमानतळ महाराष्ट्राचा, हे तसेच राहिले. नागपूरच्या प्रवाशांत आपल्या दोन तहसिलींचे, छिंदवाड्याचे, बैतूलचे किती, हे कुणी वेगळे मोजून मांडलेले माझ्या पाहण्यात नाही. आणि जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी सोय होत नाही. विस्तार आता खासगी कंपनी करणार आहे. तिला उत्पन्नातला हिस्सा द्यायचा आहे, म्हणजे प्रवासी वाढवणे तिच्या हिताचे आहे. तेव्हा मंडळाने एक साधे पत्र लिहावे असे मी सुचवतो: पांढुर्णा आणि सौंसरहून सावनेरमार्गे थेट विमानतळापर्यंत दिवसातून दोन वेळा बस. दोन्ही रस्ते सावनेरला मिळतातच. पत्राबरोबर आपल्या सभासदांच्या घरून गेल्या वर्षी किती जणांनी विमानप्रवास केला, त्याची यादी जोडावी. नावे नकोत, आकडा आणि तारखा पुरे. आकडा पाहिला की कंपनीचा माणूस निदान उत्तर तरी देतो.

तोपर्यंत जायचे कसे, याबद्दल दोन शब्द. विमानतळ वर्धा रोडवर, म्हणजे शहराच्या दक्षिणेला. आपण येतो उत्तरेकडून. त्यामुळे सावनेरपर्यंत झपाट्याने आलो तरी पुढे अख्खे शहर पार करावे लागते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत त्यासाठी तासभर हाताशी ठेवावा. बसने आलात तर सदरकडून कस्तूरचंद पार्क स्टेशन गाठून मेट्रोची नारिंगी लाइन धरावी. पांढुर्ण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी नागपूर स्टेशनजवळच मेट्रो पकडून सीताबर्डीला बदलावी. उतरायचे स्टेशन ‘एअरपोर्ट’. त्यापुढे ‘एअरपोर्ट साउथ’ आणि ‘न्यू एअरपोर्ट’ अशी आणखी दोन स्टेशने आहेत. नाव ऐकून तिथे उतरलात तर टर्मिनल मागे राहील. स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत अंतर आहे, बॅगा जड असतील तर रिक्षा करावी. पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही, त्यासाठी आदल्या रात्री नागपूरच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा. बहुतेकांचे कुणी ना कुणी तिथे आहेच.